व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंगसाठी एकच लॅपटॉप : १० महिने वापरल्यानंतर

परवा पुन्हा तेच झालं. रात्री अकराला क्लायंटची दुरुस्ती आली, दोन शॉट बदलायचे होते, प्रोजेक्ट उघडलं आणि टाइमलाइन अडखळायला लागली. या वेळी कारण माहीत होतं, त्यामुळे पाच मिनिटांत मार्गी लागलं. पण ते कारण सापडेपर्यंत माझा दीड महिना, सर्व्हिस सेंटरच्या तीन खेपा आणि अख्खं विंडोज गेलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मशीन असं : तेराव्या पिढीचा इंटेल आय७ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १६५ हर्ट्झची स्क्रीन. कामाला एक आणि खेळायला एक असे दोन घेणं मला परवडणारं नव्हतं, त्यामुळे घेताना कसून चौकशी केली. ग्राफिक्स कार्डाला वॅट किती मिळतात हे तर खोदून खोदून विचारलं. हे कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवायची मुभा कंपन्यांना आहे. खोक्यावर नाव एकच, पण सडपातळ मशीनमधलं ४०६० आणि जाड मशीनमधलं ४०६० यांच्या वेगात भरपूर अंतर पडतं. माझ्यात पूर्ण ११५ आहेत. स्क्रीनही पूर्ण एसआरजीबी (वेब आणि साध्या स्क्रीनसाठीची प्रमाण रंगश्रेणी) दाखवणारी बघूनच घेतली. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगश्रेणीचं आणखी एक माप) लिहिलेला पॅनेल एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. त्यावर ग्रेडिंग (रंग जुळवण्याचं काम) केलेला चेहरा दुसऱ्याच्या फोनवर लालभडक दिसतो.

एवढं सगळं बघितलं आणि मक्स स्विचकडे (स्क्रीन कोणत्या ग्राफिक्स चिपला जोडायची हे ठरवणारी सोय) मात्र ‘आहे ना? मग झालं’ एवढंच बघितलं.

पहिले चार महिने तक्रार नव्हती. मग नवा कॅमेरा आला आणि आम्ही १० बिट ४:२:२ मध्ये शूट करायला लागलो. हे आकडे व्हिडिओत रंगाची किती माहिती साठवली जाते ते सांगतात. ४:२:० मध्ये रंगाची माहिती पाव उरते, ४:२:२ मध्ये निम्मी. हिरव्या पडद्यासमोर केसांच्या कडा कापताना हा फरक लगेच कळतो. त्याच सुमारास प्लेबॅक गचके खायला लागला. आणि रोज नाही! सोमवारी अडखळे, बुधवारी लोण्यासारखा चाले. त्यामुळे मशीनमध्येच खोट आहे अशी माझी खात्री पटली.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या खेपेला ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला रॅम बदलली. तिसऱ्या खेपेला लॅपटॉप नऊ दिवस ठेवून घेतला, बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि मला न विचारता डिस्क फॉरमॅट केली. फुटेज बाहेरच्या ड्राइव्हवर होतं म्हणून वाचले. पण प्लगिन, लट (एलयूटी, म्हणजे रंगांचे तयार साचे), वर्षानुवर्षं बसवलेले कीबोर्ड शॉर्टकट सगळे गेले. एक फोन करायला काय झालं होतं? याचा राग अजून गेलेला नाही.

मात्र परत आला तो ठणठणीत होऊन. दोन आठवडे एकदाही गचका नाही. त्या भरात मी ओळखीच्या दोघांना ‘सर्व्हिस उद्धट आहे, पण काम करतात’ असंही सांगितलं. तिसऱ्या रविवारी खूप दिवसांनी सायबरपंक २०७७ हा गेम लावला, सोमवारी कामाला बसले, आणि टाइमलाइन पुन्हा अडखळली.

तेव्हा टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर डावीकडे एरवी जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन ग्राफिक्स चिपचे दोन चौकोन असतात. त्या दिवशी एकच होता. इंटेलचा गायब. प्रोसेसर ९६ टक्क्यांवर, आणि ४०६० च्या व्हिडिओ डीकोडची रेघ तळाला चिकटलेली.

उलगडा असा. गेमला जास्त फ्रेम मिळाव्यात म्हणून मी मक्स ‘डिस्क्रीट’वर टाकत असे. त्यात स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडली जाते आणि इंटेलचं अंगचं ग्राफिक्स बंद पडतं. पण ४:२:२ चं एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फुटेज उलगडण्याचं हार्डवेअर त्याच इंटेलच्या ग्राफिक्समध्ये आहे. ४०६० ला ते येत नाही. एनव्हिडियाने ती सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून दिली. म्हणजे रविवारी खेळले की सोमवारचं सगळं ओझं प्रोसेसरवर. बायॉस अपडेटमध्ये सेटिंग मूळच्या हायब्रिडवर (दोन्ही ग्राफिक्स चालू) गेलं, म्हणून मशीन ‘दुरुस्त’ झालं होतं. तीन खेपांत तिथल्या एकानेही हे तपासलं नाही, आणि कंपनीच्या ॲपमध्ये त्या बटणाखाली फक्त ‘उत्तम गेमिंगसाठी’ एवढंच लिहिलं आहे.

आधी माझं मत होतं की मशीन सदोष आहे. ते मी मागे घेते. मशीन चांगलं आहे. माहिती लपलेली आहे.

तरी जाच आहेच. मक्स बदलला की दर वेळी रीस्टार्ट. आणखी एक : कॅमेऱ्यात एच.२६४ ही जुनी पद्धत निवडली तर ४:२:२ ला इंटेलचीही मदत मिळत नाही, त्यामुळे आता शूटला निघताना एच.२६५ आहे ना हे आधी बघते. जुनं एच.२६४ फुटेज असेल तर रात्री प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) करायला लावून झोपते.

बाकीचं थोडक्यात. १६ जीबीची एकच पट्टी होती, दुसरी टाकल्यावर गेम आणि रिझॉल्व्ह (माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) दोन्ही सुधारले. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) ४के कटिंगला पुरते, नॉइज रिडक्शनचे दोन थर चढवले की मेमरी भरल्याची पाटी येते. पंखे जोरात आहेत, व्हॉइसओव्हर शेजारी बसून रेकॉर्ड करता येत नाही. बॅटरीवर गेम खेळायचा विचार कोणत्याच गेमिंग लॅपटॉपवर करू नये.

आज घेणार असाल आणि फुटेज ४:२:२ चं असेल, तर ५० मालिकेचं कार्ड घ्या, नाहीतर इंटेलच घ्या आणि हायब्रिडवर ठेवा. मी हा विकणार नाही. पैसे पूर्ण वसूल व्हायचे आहेत. गेममध्ये चार-सहा फ्रेम कमी मिळाल्या तरी चालतील, असं ठरवून गेल्या आठवड्यापासून मक्सला हात लावलेला नव्हता. परवा भाच्याने लावला.