उद्यमबागेतील अचूक यंत्रकामाचा अभ्यासक्रम : एका लहान कारखानदाराचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबागेतील एका खासगी केंद्रात सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) यंत्रकाम आणि तपासणी यांचा अभ्यासक्रम चालतो. दुसऱ्या कंपन्यांचे भाग करून देणाऱ्या आमच्या जॉबवर्क कारखान्यातील दोन मुलांना मी तेथे पाठवले होते. एक खानापूर तालुक्यातील, आमच्याकडे आधीपासून मशीनवर उभा राहणारा. दुसरा आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून आलेला, चंदगडकडचा. दोघेही अभ्यासक्रम पूर्ण करून कामावर परतले आहेत आणि त्यांच्या कामात पडलेला फरक मला रोज दिसतो आहे. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या या भागातील बहुतेक खासगी केंद्रांना थोड्याफार फरकाने लागू आहेत. माझे मत आधीच सांगतो : शुल्क वसूल होते, पण ते तपासणीच्या भागामुळे वसूल होते, मशीनच्या भागामुळे नव्हे.

हे शिक्षण आपल्याकडे इतके महत्त्वाचे का झाले आहे, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर हत्तरगी येथे 2009 मध्ये एक्वस कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झाले. विमानाच्या भागांचे फोर्जिंग (तापवलेला धातू दाबून आकार देणे), यंत्रकाम आणि पृष्ठप्रक्रिया ही कामे तेथे एकाच आवारात होतात. फोर्जिंगसाठी फ्रान्सच्या ओबेर ए द्युवाल या कंपनीशी, तर पृष्ठप्रक्रियेसाठी कॅनडाच्या मॅगेलनशी भागीदारी आहे, आणि तयार झालेले भाग एअरबस व बोईंगच्या विमानांत बसतात. दुसरीकडे उद्यमबाग आणि मच्छे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फाउंड्र्या, पंपाचे आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. हात कसबी आहेत, मशीन आहेत, मेहनतीची सवय आहे. तरीही त्या आवारातील काम आमच्यासारख्या लहान शेडपर्यंत फारसे पोहोचत नाही. त्याचे कारण मला या अभ्यासक्रमामुळे नीट उमगले : मोजमापाची आणि नोंदींची शिस्त कमी पडते.

केंद्राचा मोजमाप कक्ष ही त्याची खरी जमेची बाजू. कक्ष वातानुकूलित असून तेथील तापमान 20 अंश सेल्सिअसवर ठेवलेले असते, कारण लांबी-रुंदीची मापे जगभर याच तापमानाला धरली जातात. पहिल्याच आठवड्यात तेथील सरांनी मुलांना ॲल्युमिनियमचा सुमारे 100 मिलिमीटर लांबीचा एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजायला लावला, माप वहीत लिहून घेतले, आणि तोच जॉब कक्षात पुरेसा वेळ निवू दिल्यावर पुन्हा मोजायला सांगितले. आकडा बदलला होता. ॲल्युमिनियम एका अंशाला एका मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. म्हणजे हा जॉब दहा अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे 23 मायक्रॉन लांब दिसणार. ओतीव लोखंडाच्या पंप-बॉडीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. विमानाच्या भागावर जेथे टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) मुळी दहा-वीस मायक्रॉनचा असतो, तेथे एवढ्याने चांगला जॉब नापास होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नापास जॉब पास होऊन पुढे जातो. चंदगडचा मुलगा ही गोष्ट मला आकडेमोडीसह समजावून सांगत होता, तेव्हा आमच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी घेतलेल्या मापांचा विचार माझ्या मनात आला. आता आम्ही शेवटचे माप सकाळी, जॉब रात्रभर ठेवून घेतो.

दुसरी गोष्ट नोंदींची. आपल्याकडे चांगला कारागीर तो, जो बिघडलेला जॉब कोणाला कळू न देता हात मारून सुधारतो. केंद्रात याच्या नेमके उलट शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. जॉब मापाबाहेर गेला की त्याला लाल पट्टी बांधायची, तो वेगळ्या पेटीत ठेवायचा, काय झाले ते लिहायचे आणि सही करायची. नोंद चुकली तर तिच्यावर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. खोडरबर आणि पांढरी शाई वर्गात आणण्यासच मनाई आहे. हत्यारांच्या ट्रेमध्ये काळ्या फोमला प्रत्येक पान्याच्या आणि ड्रिलच्या आकाराच्या खाचा कापलेल्या आहेत, त्यामुळे एखादे हत्यार परत आले नाही तर रिकामी खाच लगेच दिसते आणि ते सापडेपर्यंत कोणाला घरी सोडत नाहीत. विमानाच्या पोटात राहून गेलेला एखादा ड्रिलचा तुकडा काय करू शकतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांक देऊन पहिल्या जॉबची एकेक नोंद करणे आणि कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक) शेवटच्या कागदापर्यंत सोबत ठेवणे ही शिस्तही मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घेतली जाते. एएस 9100 हे विमानउद्योगातील गुणवत्तेचे प्रमाणपत्र मागणारे ग्राहक नेमकी हीच शिस्त पाहतात.

मशीनचे शिक्षण ठीकठाक आहे. तीन अक्षांच्या मशीनवर भरपूर सराव मिळतो, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापानुसार मशीनला द्यायची दुरुस्ती) आणि फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारे साधन) लावणे चांगले शिकवतात. पाच अक्षांचे, म्हणजे जॉब किंवा हत्यार तिरकेही फिरवणारे, मशीन मात्र एकच आहे आणि मुलांच्या वाट्याला ते पाहण्यापुरतेच आले. टायटॅनियम तर त्यांनी कापलेच नाही. माहितीपत्रकात या दोन्हींची छायाचित्रे ठळक असल्यामुळे ही तक्रार नोंदवणे मला भाग आहे.

दुसरी तक्रार शिकवण्याच्या साहित्याबद्दल आहे. सर वर्गात कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतून समजावतात, शंका विचारणाऱ्याला कधी हिडीसफिडीस करत नाहीत, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. छापील टिपणे मात्र पूर्णपणे इंग्रजीत आहेत आणि तीही परदेशी पुस्तकांतून जशीच्या तशी उचललेली दिसतात. ड्रॉइंग इंग्रजीतच येणार, त्यामुळे इंग्रजी टाळता येणार नाही, हे मला मान्य आहे. तथापि, मराठी किंवा कन्नड माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला आपल्या भाषेत चार पानांचे स्पष्टीकरण दिले, तर त्याचे पहिले दोन आठवडे वाया जाणार नाहीत. खानापूरच्या मुलाचे हात उत्तम आहेत. लेखी परीक्षेत तो केवळ प्रश्न न समजल्यामुळे मागे पडला.

शुल्क आमच्याकडील ऑपरेटरच्या साधारण दोन पगारांएवढे होते. मला खरी झळ बसली ती शुल्काची नव्हे, तर मुले कारखान्यात नसल्यामुळे बंद राहिलेल्या मशीनची. मोठ्या कंपनीत एक माणूस शिकायला गेला तर दुसरा उभा राहतो. आमच्याकडे दुसरा नसतो.

येथेच धोरणाचा प्रश्न येतो. कर्नाटकाने 2013 मध्ये विमानउद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. 2022 ते 2027 या काळासाठीच्या पुढच्या धोरणात 45,000 कोटी रुपयांची गुंतवणूक आणि 60,000 रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि बेंगळुरू, म्हैसूर, तुमकूर, चामराजनगर यांच्यासोबत बेळगावचेही नाव केंद्र म्हणून आले. ही आपल्या जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण गुंतवणुकीच्या रकमेवर सवलत मोजली की ती मोठ्या प्रकल्पाकडे जाते, आणि लहान शेडला जे हवे असते ते त्या मोजपट्टीत बसत नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते 29 माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. ही मदत नव्याने येणाऱ्या उमेदवारासाठी आहे; आधीच कामावर असलेल्या माणसाला पुढचे शिकवण्यासाठी मालकाने मशीन बंद ठेवले, तर त्याची भरपाई यात होत नाही. ती व्हावी, आणि उद्यमबागेत परवडणाऱ्या भाड्याने वापरता येईल असा सामाईक मोजमाप कक्ष सरकारने उभारावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. थ्री-डी मोजमाप यंत्र प्रत्येक शेडने विकत घेणे शक्य नाही. सीमेपलीकडून रोज कामाला येणाऱ्या मुलांचाही विचार व्हावा. राज्याच्या योजना राज्याच्या रहिवाशांसाठी असतात हे समजण्यासारखे आहे, पण महाराष्ट्रातील शिनोळी आणि उद्यमबाग यांच्यातील कामगार एकच आहे.

दहावी झालेल्या मुलाच्या पालकांनी मात्र थेट या अभ्यासक्रमाकडे येऊ नये, असे मी सुचवेन. डॅनिश सहकार्याने 1972 मध्ये सुरू झालेल्या शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्राची शाखा बेळगावातच आहे, आणि तेथील टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचे शिक्षण व एक वर्षाचा कारखान्यातील अनुभव देतो. तो पाया अधिक भक्कम आहे. टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्याने राज्यातील 150 सरकारी आयटीआयमध्ये नवी यंत्रसामग्री आली आहे, तीही जवळच्या संस्थेत जाऊन पाहावी. येथील खासगी अभ्यासक्रम उपयोगी पडतो तो आयटीआय झालेल्या किंवा मशीनवर दोन-तीन वर्षे काढलेल्या मुलाला.

प्रवेश घेण्यापूर्वी वर्ग चालू असताना केंद्रात जावे, मोजमाप कक्षातील तापमानाची नोंदवही मागून पाहावी आणि पाच अक्षांच्या मशीनवर प्रत्येक विद्यार्थ्याला किती तास मिळतील हे पावतीवर लिहून घ्यावे. पुढच्या तुकडीला मी आमच्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कारागिराला) पाठवणार आहे आणि या तिन्ही गोष्टी त्याच्यासोबत जाऊन मी स्वतः करणार आहे.