मल्टिस्पोर्ट घड्याळ आणि न जुळणारं अंतर: जळगावातला वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात घेतलेलं हे मल्टिस्पोर्ट हार्ट रेट घड्याळ धावणं, सायकल आणि पोहणं या तिन्हींसाठी रोज वापरतोय. नाडीचे ठोके, बॅटरी, पट्टा यांबद्दल पुष्कळ जण लिहितात. मला लिहायचंय ते अंतराबद्दल, कारण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त तक्रार तीच असते. मेहरूण तलावाला सोबत चकरा मारल्या की चौघांच्या घड्याळांत चार आकडे. मग "भाऊ, तुनं घड्याळ जास्ती दखाडी ऱ्हायनं" यावर चहा येईपर्यंत वाद.

त्या वादात खरं अंतर किती, हेच कोणाला माहीत नसतं. एक जण मोबाइलशी ताडून बघतो, पण मोबाइलही उपग्रहांवरूनच मोजतो. दुसरा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर भरवसा ठेवतो. म्हणून मी पाटाच्या कडेचा सरळ, उघड्यावरचा रस्ता निवडला, जमीन मोजायची टेप घेतली आणि ५०० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण केली. घड्याळाबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी एवढं कराच. तिथे माझं घड्याळ जवळपास बरोबर निघालं. म्हणजे बिघाड घड्याळात नव्हता, तलावाच्या फेरीत किंवा सेटिंगमध्ये होता.

ट्रॅकवर तपासणार असाल तर एक लक्षात घ्या. ४०० मीटर हे अंतर पहिल्या लेनचं, आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजलेलं असतं. लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक लेनला फेरीमागे साधारण साडेसात मीटर वाढतात. चौथ्या लेनमधून २५ फेऱ्या मारल्या तर १० नाही, साडेदहा किलोमीटरच्या वर होतात. तिथे घड्याळ 'जास्त' दाखवतं तेव्हा ते बरोबरच असतं.

आता तलाव. घड्याळ ठरावीक वेळाने आपण कुठे आहोत ते नोंदवतं आणि ते ठिपके सरळ रेषांनी जोडतं. माझ्या घड्याळात बॅटरी वाचवणारी नोंद मुळातच चालू होती, त्यात ठिपके विरळ पडतात. वळणावर आपण गोलाईचा चाप धावतो आणि घड्याळ त्याची ज्या, म्हणजे चापाची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ, मोजतं. ज्या नेहमी चापापेक्षा लहान, हे आपल्या खान्देशात तरी वेगळं सांगायला नको! चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे, गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा. मी नोंद दर सेकंदाला केली आणि तलावाची फेरी लगेच वाढली.

गावातल्या गल्लीबोळांत उलट होतं, अंतर फुगतं. उपग्रहाचा संदेश थेट न येता भिंतीवर आपटून येतो, म्हणून उशिरा पोचतो. प्रकाशाच्या वेगाने येणारा संदेश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. शंभर नॅनोसेकंदांची वाट वाकडी झाली की ३० मीटरचा फरक. नकाशावर तुमची रेघ समोरच्या घरांवरून नागमोडी जाते आणि ती नागमोड अंतरात मिळवली जाते. यावर सेटिंगने थोडाच फरक पडतो. जीपीएससोबत गॅलिलिओ (युरोपचे उपग्रह) किंवा ग्लोनासही (रशियाचे) चालू केल्यावर रेघ सुधारली, पूर्ण सरळ झाली नाही. उपग्रहाच्या नेहमीच्या एल१ लहरीसोबत एल५ ही दुसरी लहरही पकडणारी घड्याळं इथे चांगली काम करतात. दाट वस्तीतच रोज धावणाऱ्याने तसलंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीची घाई हे आणखी एक कारण. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि ती पुरी मिळायला साधारण अर्धा मिनिट लागतो. मोबाइलशी सिंक केलं की ही माहिती आधीच घड्याळात येते. सिंक करून बरेच दिवस झाले की ती शिळी होते. रात्री झोपताना सिंक, सकाळी उघड्या आकाशाखाली उभं राहून घड्याळाने होकार दिल्यावरही मिनिटभर हातपाय मोकळे करणं, एवढ्याने पहिल्या किलोमीटरचा घोळ संपला.

तोरणमाळच्या सातपायरी घाटात सायकल नेली तेव्हा मित्र म्हणाला, चढ मोजत नसेल म्हणून अंतर कमी येतंय. हिशेब करून बघा: दहा टक्के चढावर आडवं १००० मीटर म्हणजे प्रत्यक्ष रस्ता १००५ मीटर. अर्ध्या टक्क्याची गोष्ट. अंतराचा खरा तोटा वळणांत होतो आणि कड्यांमुळे अर्धं आकाश झाकलं जातं त्यात. सायकलला उपाय एकच, चाकावरचा स्पीड सेन्सर. तो चाकाचे फेरे मोजतो, त्याला आकाशाशी देणंघेणं नाही. पण चाकाचा घेर बरोबर भरा. ७०० बाय २८ टायरचा घेर साधारण २१३६ मिलिमीटर. त्याजागी ७०० बाय २३ चा २०९६ राहिला तर ५० किलोमीटरमागे जवळजवळ एक किलोमीटर कमी दिसेल. सगळ्यात चांगलं म्हणजे सायकलवर बसून, व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खूण करायची, एक फेरा पुढे जायचं आणि टेपने मोजायचं. बसल्यावर टायर दबतो, म्हणून बसूनच.

पोहण्याच्या तलावात उपग्रहाचा संबंध नाही. घड्याळ हाताच्या हालचालीवरून लांब्या (या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक फेरी म्हणजे एक लांबी) मोजतं आणि तुम्ही भरलेल्या लांबीने गुणतं. टाक्याची लांबी तिथल्या माणसाला न विचारता स्वतः मोजा. उन्हाळी सुटीत पोरांची गर्दी असते, मधेच थांबून पुन्हा ढकलून निघालं की एक लांबी जास्त धरली जाते. किकबोर्डवर (हातात धरायची तरंगती फळी) हात हलत नाहीत, तिथे एकही लांबी पडत नाही. अशा वेळी माझ्या घड्याळात ड्रिलचा पर्याय निवडून अंतर हाताने भरता येतं.

स्पर्धेबद्दल एक. प्रमाणित हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर मोजली जाते ती शक्य तितक्या जवळच्या वाटेने, वळणांचा आतला काठ धरून, आणि कमी पडू नये म्हणून हजारी एक मीटर वरून घालतात. गर्दीत तसं धावता येत नाही. घड्याळ २१.३ दाखवतं म्हणून आयोजकांवर चिडू नका. शेवटचे किलोमीटर घड्याळाच्या वेगावर नाही, रस्त्यावरच्या पाट्यांवर आखा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा मी जिममध्ये ट्रेडमिलवर असतो. तिथे घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज करतं, म्हणून हँडल धरून धावलं की अंतर हमखास चुकतं. धावून झाल्यावर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे घड्याळाचा आकडा मशीनशी जुळवायचा, पण आधी मशीनचा पट्टा खरा आहे का ते बघून. फुटपॉड (बुटाला लावायचा सेन्सर) लावल्यापासून ट्रेडमिलचा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

धरणाच्या उघड्या पाण्यातलं अंतर मात्र अजून जमलेलं नाही. हात पाण्याखाली गेला की सिग्नल तुटतो. घड्याळ टोपीखाली डोक्यामागे ठेवलं तर रेघ बरी येते, पण मग मनगटावरचे ठोके मिळत नाहीत. दर सेकंदाची नोंद आणि जास्तीचे उपग्रह यांमुळे बॅटरीही लवकर उतरते, आठवड्यात दोनदा चार्जिंग लागतं. मला ते परवडतं.