२८,९०० रुपयांचं रिकामं खोकं: नागपुरात जुना सबवूफर घेणाऱ्यांनो, वाचा

मोबाईलवरची जाहिरात पाहून जुना सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारी स्पीकरची पेटी, घ्यायच्या बेतात असाल, तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा. माझे २८,९०० रुपये गेले. वर ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे ४,३५० वेगळे.

मी काही काल या नादाला लागलेलो नाही. त्रिमूर्तीनगरच्या घरात चांगला टू-चॅनल ॲम्प्लिफायर आहे, सव्वापाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आहेत. आवाज गोड, पण एवढ्याशा पेटीतून खालचा सूर येणार किती? साठ हर्ट्झच्या आसपास तिचा दम सुटतो. पखवाजाची थाप ऐकू येते, छातीत लागत नाही. म्हणून सबवूफर हवा होता. अडचण अशी की माझ्या ॲम्प्लिफायरला सब-आउट नाही, प्री-आउटही नाही, म्हणजे सबवूफरला सिग्नल द्यायची वेगळी जागाच नाही. जाहिरातवाल्या माणसाने पहिल्याच फोनवर बोलता बोलता हे माझ्याकडून काढून घेतलं.

जाहिरात होती दहा इंची ॲक्टिव्ह सबवूफरची. नामांकित कंपनी, आठ महिने वापरलेला, किंमत १८,५००. पुढचं टोकनचं नाटक तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरं गिऱ्हाईक अमरावतीहून निघालंय, ५,००० टाका, माल तुमचा. टाकले. बिलाचा फोटो आला, त्यावर सीरियल नंबर होता. मालावरचं स्टिकर मात्र खरवडलेलं निघालं. "वॉरंटीवाले दुकानदार तसंच करतात भाऊ," म्हणे. बिलावरचा नंबर मालावर दिसला नाही तर चहासुद्धा विचारू नका, वाटेला लावा.

घरी आला तो बूट बाहेर काढून, आईच्या पाया पडून. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोलणं असं की कोणालाही वाटावं, पोराला कामाची जाण आहे. ॲम्प्लिफायर मागून पाहिला आणि म्हणाला, याला सब-आउट नाही, डायरेक्ट जोडलं तर जळेल, मध्ये मॅचिंग युनिट लागते. ते योगायोगाने पिशवीतच होतं. काळा ॲल्युमिनियमचा डबा, हातात घेतला तर चांगला जड. त्याचे ६,८००, केबलचे २,४००, फिटिंगचे १,२००. बेरीज २८,९००. पाच आधी दिले होते, १५,००० क्यूआर कोडवर, ८,९०० रोख. कोडवर नाव दुसऱ्याचंच आलं. "मेहुण्याचं अकाउंट आहे." दर वेळी मेहुणाच का असतो कोण जाणे!

असलं युनिट बहुतेक वेळा लागतच नाही. सबवूफरच्या मागे 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' इनपुट असेल, तर ॲम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलवर स्पीकर लागलेत, तिथूनच जास्तीच्या वायरी सबवूफरला न्यायच्या. ॲक्टिव्ह सबवूफरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. तुमच्याकडून तो फक्त सिग्नल घेतो, ताकद घेत नाही. त्या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजारो ओहमचा, त्यामुळे तुमच्या मशीनवर भार पडत नाही. जोडायची वायर मला नंतर सीताबर्डीच्या बाजारात १८० रुपयांत मिळाली.

आता तो प्रसंग, जो आठवला की अजून रात्री झोप उडते.

आमच्या बैठकीतलं सॉकेट ढिलं आहे. गाणं सुरू होतं, तो चहा पीत होता, पाय वायरीला लागला आणि सबवूफरचा प्लग निघून फरशीवर पडला. निळा दिवा विझला. सबवूफर वाजतच राहिला. मी प्लगकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. बशीतला चहा फुंकत तो शांतपणे म्हणाला, "कपॅसिटर मोठे हायेत भाऊ याचे. चार्ज धरून ठेवते." मग प्लग लावायचीही घाई केली नाही. बशी संपवली, रुमालाने तोंड पुसलं, मग उठला.

माणूस असं कसं ऐकून घेतो, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, माझा स्वतःचा ॲम्प्लिफायर बंद केला तरी आवाज एक-दोन सेकंद रेंगाळतो, तो कपॅसिटरमुळेच. त्याने खोट्यात खऱ्याची अशी फोडणी दिली होती. घरात आवाज घुमत होता, आई खूश होती, पैसे दिलेले होते. अशा वेळी प्लग हातात धरून कोण उलटतपासणी घेतं? पण एक संपूर्ण कडवं विजेशिवाय वाजलं. एक अख्खं कडवं!

बायकोने तर त्याच्यासमोरच विचारलं होतं, "यातून गाणारा काहून बोलून राहिला?" बरोबर होतं तिचं. ऐंशी हर्ट्झच्या वरचे सूर कापलेल्या सबवूफरमधून शब्द कळता कामा नयेत, नुसता घुमारा यायला हवा. कान लावून पाहा. मागचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर आणून पाहा, सबवूफर गप्प व्हायला हवा. माझ्याकडे तो नॉब त्याने फिरवूच दिला नाही, "सेटिंग हलते" म्हणे. माझ्याच ॲम्प्लिफायरचा बास त्याने गुपचूप पुरा चढवून ठेवला होता, हे नंतर कळलं.

आठवडाभरात ॲम्प्लिफायर तापून बंद पडायला लागला, मग डावा चॅनेल गेला. बर्डीतल्या जुन्या मेकॅनिककाकांनी सबवूफरची मागची प्लेट उघडली आणि "अरे राजा, हे त खोकं हाय" एवढंच म्हणाले. आतलं सर्किट काढून नेलेलं. नॉब नुसते चिकटवलेले. निळ्या दिव्याला मोबाईल चार्जरचा तुकडा. ४ ओहमचा वूफर सरळ माझ्या ६ ओहमच्या डाव्या स्पीकरच्या समांतर लागलेला, म्हणून तर तो प्लगशिवाय माझ्याच ॲम्प्लिफायरच्या ताकदीवर वाजत होता, आणि ॲम्प्लिफायरला दिसत होते २.४ ओहम. ओहम कमी, तितका भार जास्त. ॲम्प्लिफायरच्या मागे स्पष्ट छापलंय, किमान ४. मॅचिंग युनिटमध्ये आरपार गेलेल्या वायरी आणि वजनासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा. ६,८०० रुपयांचा गोळा.

आणि मग आपली यंत्रणा. ठाण्यातल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "सबवूफर म्हणजे डीजे का? किती डेसिबल?" तक्रारदार मी, आणि आवाजाची चौकशी माझीच. समजावून सांगितलं तर म्हणाले, माल मिळाला ना, मग दिवाणी मॅटर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर "वकील आहात का?" मग म्हणाले, पैसे ऑनलाईन गेले, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल पाहून, स्वतः पिन टाकून दिलेले पैसे सायबरमध्ये बसत नाहीत, शिवाय ८,९०० तर रोख, ठाण्यात जा. बँकेतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "व्यवहार तुम्हीच अधिकृत केलाय." ग्राहक तक्रारीच्या टेबलावर वेगळंच, विकणारा व्यापारी असल्याचा पुरावा आणा, घरगुती जुना माल विकणाऱ्यावर आमचं चालत नाही. पक्कं बिल नाही म्हणून तो व्यापारी नाही, आणि व्यापारी नाही म्हणून त्याला बिलाचं विचारायचं नाही! पिशवीत तयार मॅचिंग युनिट घेऊन फिरणारा माणूस घरगुती विक्रेता कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

ठाण्यात तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोच अर्ज वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येतो, मी पाठवलाय. ऑनलाईन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं, तर तडक सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रोख तर देऊच नका.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, समोरूनच काढलेला, ठिकाण मनीषनगर, किंमत १६,०००, नंबर नवा. भाच्याच्या फोनवरून लावला, आवाज तोच. रेकॉर्डिंग घेऊन ठाण्यात गेलो. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, फोन परत दिला आणि विचारलं, "या जाहिरातीत अजून कोणी फसलं आहे का? नाही ना? मग तक्रार कशाची?"