क्यूएमूमधील क्यूटेस्ट: इंटरप्टच्या चाचणीसाठी कितपत उपयोगी?

फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूएमू या, संगणकाची आभासी प्रतिकृती चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये क्यूटेस्ट नावाची चाचणी-व्यवस्था आहे. नागपुरातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती वापरल्यानंतरचे हे मत.

संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालवून एखाद्या आभासी उपकरणाची चाचणी घेतली आणि इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा उपकरणाचा संकेत, आला नाही, तर दोष उपकरणाच्या प्रतिकृतीत आहे, हे संकेत प्रोसेसरपर्यंत पोहोचवणाऱ्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये आहे की उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, हे कळता कळत नाही. क्यूटेस्ट हा गुंता मुळातच टाळते. तिच्यात प्रोसेसर सूचना चालवतच नाही. चाचणीचा प्रोग्राम सॉकेटवरून (दोन प्रोग्राममधील संवादमार्गावरून) स्वतः उपकरणाची रजिस्टरे, म्हणजे त्यातील छोटे स्मृतिकप्पे, वाचतो, लिहितो आणि ठरवलेल्या कंट्रोलरकडे येणारी इंटरप्टची रेषा (संकेताची तार) वर गेली की खाली आली, याची वर्दी घेतो. घड्याळही चाचणीच्याच हाती असते. आरटीसीचा, म्हणजे संगणकातील घड्याळ-उपकरणाचा, अलार्म लावावा, आभासी वेळ एकेक सेकंद पुढे ढकलावी, आठ क्रमांकाची रेषा वर गेल्याची खात्री करावी आणि मग सी रजिस्टर वाचताच ती खाली येते का, हे पाहावे. ही शेवटची पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. पण ही रेषा वरच अडकून राहिली, तर आरटीसीचे पुढचे इंटरप्ट ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाहीत.

उणिवाही आहेत. एका वेळी एकाच उपकरणाच्या रेषांवर पाळत ठेवता येते. रेषेची केवळ सद्यःस्थिती विचारली, तर एकाच रजिस्टर-लेखनात वर जाऊन लगेच खाली आलेला स्पंद सहज निसटतो. एमएसआय-एक्स या इंटरप्टच्या नव्या प्रकाराला तर रेषाच नसते, तो मेमरीतील एक लेखन असतो. म्हणून व्हर्टिओ या आभासी उपकरणांच्या चाचण्यांमध्ये तो पत्ता साध्या मेमरीकडे वळवून तेथे अपेक्षित आकडा उमटला का, हे तपासतात. युक्ती नामी आहे, परंतु नवख्याला ती आपणहून सुचणार नाही. त्याने क्यूएमूच्या मूळ कोडच्या संग्रहातील तयार चाचण्याच वाचायला घ्याव्यात.

खर्च काहीच नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारी वीज गेली तरी लॅपटॉपवर प्रात्यक्षिक सुरू राहते, ही नागपूरकरांसाठी लहान गोष्ट नव्हे. इंटरप्टला प्रतिसाद मिळण्यास प्रत्यक्षात किती मायक्रोसेकंद लागतात, हे मात्र येथे मोजता येत नाही. त्यासाठी खरा बोर्ड आणि विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा.