घरातला पांढरा बोर्ड: मे महिन्याची सुट्टी आणि त्यानंतरचे महिने

मार्च २०२५ च्या सुरुवातीला आम्ही घरासाठी दोन बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड घेतला. क्लासमध्ये असतो तसाच, मार्करने लिहायचा आणि चुंबक चिकटणारा. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय आणि सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतायत, "तुमचा तो बोर्ड चालला का गं?" म्हणून सगळं एकदाच लिहिते. बोर्ड चालला. मुलांच्या वेळापत्रकासाठी घेतला होता, ते काम त्याने अजिबात केलं नाही. दुसरीच कामं केली, आणि ती जास्त गरजेची निघाली.

आधी घराचं चित्र सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके. मी ऐरोलीला नोकरीला, नवरा मुंबईला. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि मे महिन्यात नणंदेचा मुलगा नाशिकहून राहायला येतो. म्हणजे दिवसभर घरात तीन मुलं आणि एक आजी, आणि आम्ही दोघं सकाळी साडेआठला घराबाहेर. यंदा पहिली ते नववीच्या परीक्षाच एप्रिलअखेरपर्यंत लांबल्या, त्यामुळे सुट्टी उशिरा लागली आणि १६ जूनला शाळा उघडल्या.

या काळात मला ऑफिसात येणारे फोन कसे असतात ते आया ओळखतील. "आई, आज क्लास आहे का?" "मामी, खाली खेळायला गेलो तर चालेल?" "अगं, पोहे संपलेत." "सिलिंडर कधी लावलाय?" प्रश्न एकही अवघड नसतो. फक्त प्रत्येकाचं उत्तर एकाच डोक्यात असतं, आणि ते डोकं तेव्हा मीटिंगमध्ये असतं. बोर्डाने माझं काम कमी केलं नाही. माझ्या डोक्यातली माहिती भिंतीवर आणली आणि फोन कमी केले. माझ्या लेखी तेवढ्यात पैसे वसूल.

खरेदीबद्दल. स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत दोन तऱ्हा दिसल्या. स्वस्तातला पुठ्ठ्यावर किंवा लाकडी भुशाच्या फळीवर चकचकीत लॅमिनेट लावलेला असतो. महागात पत्रा असतो, वर रंगाचा किंवा काचेसारख्या इनॅमलचा थर. स्वस्तातल्यावर चुंबक चिकटत नाही आणि काही महिन्यांत जुन्या अक्षरांची सावली राहायला लागते. पत्र्याचाच घ्या. दुकानात जाताना फ्रीजवरचं एक चुंबक पर्समध्ये टाका आणि लावून बघा. 'मॅग्नेटिक' असं लेबल असलेल्या एका बोर्डावरून आमचं चुंबक सरळ खाली घरंगळलं.

लावायची जागा हा खरा मुद्दा. आमचा आधी गॅलरीच्या दाराशेजारी लावायचा बेत होता, पण तिथे दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन येतं. तापलेल्या बोर्डावर शाई वाळून अशी बसते की नुसत्या फडक्याने निघत नाही. शेवटी स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या भिंतीवर लावला, चौथीतल्या मुलीचा हात वरच्या ओळीला पोचेल इतका खाली. दिसायला तो जरा विचित्रच दिसतो, पाहुणे हमखास विचारतात. पण मोठ्यांच्या उंचीवर लावलेला बोर्ड मोठ्यांचाच राहतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या भरवशावर राहू नका, दमट हवेत ती सुटते. स्क्रूच मारा. नव्या टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या असतात, तिथे घरातलं साधं ड्रिल रडकुंडीला येतं. हॅमर ड्रिलवाला माणूस बोलवा.

आता वेळापत्रक. सकाळी आठ ते रात्री आठ, तासागणिक रकाने, हिरव्या मार्करने वाचन, निळ्याने चित्रकला, दुपारी झोप. इंटरनेटवर असे बोर्ड फार सुंदर दिसतात. आमच्याकडे ते पहिला आठवडाही टिकलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. अकरा ते बारा वाचन असं लिहिलं की मुलं सव्वादहापासून अकरा वाजायची भीती बाळगून बसतात. शिवाय खालून हाक आली की वेळापत्रक संपलं. सुट्टीत दिवसाला दोनच खुंट्या पुरतात असं माझं मत झालंय: सकाळची एक बाहेरची गोष्ट (आमच्याकडे पोहण्याची बॅच) आणि दुपारी उन्हाच्या वेळी घरात थांबायचा नियम. मधलं मुलं त्यांचं बघून घेतात.

तासांचे रकाने पुसून त्या जागी चार भाग केले. ते आजतागायत चालू आहेत: आज, कोण कुठे, संपलं, पुढे.

सगळ्यांत यशस्वी भाग 'संपलं'. नियम एकच, जो संपवेल तो लिहील. शेवटची ब्रेड खाल्ली की लिहायचं, शेवटचा साबण काढला की लिहायचं. संध्याकाळी सासूबाई नातवाकडून बोर्डाचा फोटो काढून पाठवून घेतात आणि नवरा स्टेशनवरून येताना सामान आणतो. पूर्वी हेच आम्ही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर करत होतो. तिथे "तेल संपलं" या निरोपावर मावशींचे सुप्रभातचे फुलांचे फोटो येऊन बसायचे आणि तेल यायचंच नाही. गूगल कीपची सामायिक यादीही वापरून पाहिली. ती उत्तम चालते, ज्याने वस्तू घेतली त्याने टिक केली की दुसऱ्याला लगेच दिसते. आम्ही दोघं महिन्याच्या मोठ्या किराण्यासाठी अजून तीच वापरतो. पण आजींना ती उघडायची नसते आणि चौथीतल्या मुलीकडे फोन नाही, असूही नये. पीठ संपलंय हे पहिल्यांदा आजींना कळतं आणि बिस्किटं संपल्याचं मुलीला. ज्यांना आधी कळतं त्यांच्या हाताशी पेन हवं.

'आज'चा खरा कस लागला पाण्याच्या वेळी. ठाण्यात राहणाऱ्यांना शटडाऊनचं नवल नाही. पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, शिवाय मुंबई महापालिकेकडून मिळणारं पाणी असे आपले वेगवेगळे स्रोत. कुठल्याही एका वाहिनीचं काम निघालं की त्या त्या भागाचं पाणी बंद, आणि सुरू झाल्यावरही पुढचा दिवस-दोन दिवस दाब कमी. सोसायटीची सूचना आली की बोर्डावर लाल मार्करने 'उद्या पाणी नाही' आणि खाली कामं नावानिशी: मशीन आजच लावणे, पिंप भरणे, बाटल्या भरणे, गॅलरीतल्या कुंड्यांना आजच पाणी. बाटल्या मुलांच्या. हे तोंडी सांगितलं असतं तर मी चार वेळा सांगितलं असतं आणि चौथ्यांदा ओरडून. लिहिलेल्या कामावर मुलं तितकी हुज्जत घालत नाहीत. का, ते मला माहीत नाही. बहुतेक भिंतीशी भांडण्यात मजा नसावी.

मे महिन्यात आमच्या कामवाल्या मावशी गावी जातात. त्यांची सुट्टी आणि मुलांची सुट्टी एकदमच, हा सगळ्या ठाण्याचा अनुभव असावा. त्या दिवसांत केर, भांडी, कपडे वाळत घालणं, घड्या अशा कामांच्या छोट्या पट्ट्या चुंबकाला चिकटवल्या आणि रोज रात्री ज्याने त्याने आपापल्या नावापुढे ओढायच्या असं ठरलं. शेवटी येणाऱ्याला भांडी. सासूबाईंनी आपल्या मुलाच्या नावापुढे 'भांडी' पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मी काही बोलले नाही. बोर्ड होताच.

पण बोर्डाचा सगळ्यांत चांगला उपयोग त्यांनीच काढला, कुरडयांसाठी. ज्यांच्या घरी होतात त्यांना माहीत आहे, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर घालायच्या. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं की वास. सासूबाईंनी बोर्डाच्या कोपऱ्यात 'गहू' लिहून पुढे तीन चौकोन काढले आणि पाणी बदललं की एक चौकोन भरायला नातीला सांगितलं. शेवटच्या दिवशी गच्चीवर कावळे हाकायच्या पाळ्याही तिथेच लिहिल्या. यंदा हे वेळेत आटोपलं म्हणून बरं. मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीची तारीख ११ जून. ज्यांनी पापड-कुरडया मेअखेरवर ठेवल्या त्यांचे हाल आमच्याच मजल्यावर पाहिले.

'कोण कुठे' हा भाग अर्धवट जमला. प्रत्येकाचं एका रंगाचं चुंबक, आणि रकाने घरी, खाली, क्लास, बाहेर. कल्पना चांगली, पण मुलगा पलंगावर लोळत असताना त्याचं चुंबक पोहायला गेलेलं असायचं. बाहेर पडताना मुलं बोर्डाशी येतच नाहीत, दाराशी येतात. मग ती पट्टी दारालगतच्या चपलांच्या लोखंडी कपाटावर हलवली आणि तेव्हापासून बरं चाललंय. तुम्ही करणार असाल तर सुरुवातच दाराशी करा.

मोबाईलचा वेळ मात्र बोर्डावर मुळीच लिहू नका. 'वापरलेली मिनिटं' असा रकाना होता. पांढऱ्या बोर्डाची शाई बोटाने पुसते, ६० चे ३० व्हायला क्षण लागतो, आणि मग तिघांत कोर्टकचेरी. ज्या गोष्टीवर भांडण होणार आहे ती पुसता येणाऱ्या शाईने लिहायची नाही. मुलाच्या फोनची मर्यादा आता गूगलच्या फॅमिली लिंकमधून लावलेली आहे. वेळ संपला की फोनच लॉक होतो, साक्षीदार लागत नाहीत.

'पुढे' या भागात आरक्षण, फी, लसीची तारीख, लग्नं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेही प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे ३ मेला कोकणात जायचं तर ४ मार्चला सकाळी आठ वाजता तयार बसायचं, आणि १४ मेच्या परतीसाठी १५ मार्चला पुन्हा. परतीची तारीख लोक विसरतात, कारण जायचं तिकीट मिळालं की मन गावाला पोचलेलं असतं. फोनचा गजर लावतोच, पण बोर्डावर असलं की घरातला कुणीतरी आठवण करतो.

आता बोर्डाची तब्येत. उजव्या खालच्या कोपऱ्यात गंजाचा एक ठिपका आलाय, पावसाळ्यात आला. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, या किमतीत बहुधा असंच. 'पुढे'मध्ये आठवडेच्या आठवडे राहिलेल्या लाल अक्षरांची सावली पडली होती. बोर्डाच्या शाईत रंग पृष्ठभागाला धरून बसू नये म्हणून तेलकट घटक घातलेला असतो. जुन्या अक्षरावर ताज्या मार्करने गिरवलं की शाईतला द्राव जुना रंग सैल करतो आणि दोन्ही एकदम पुसले जातात. आमच्या भाचेमहाराजांनी परमनंट मार्करने स्वतःचं नाव ठळक लिहून ठेवलं होतं, तेही असंच गेलं. उरलेलं सॅनिटायझरने. मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की शाई एका टोकाला बसते. आणि पंख्याखाली टोपण उघडं राहिलं की मार्कर गेलाच. एक पेन दोऱ्याने बोर्डाला बांधून टाकलं, बाकीची ड्रॉवरमध्ये.

घरात एकच मूल असेल, आजी-आजोबा फोन सराईतपणे वापरत असतील किंवा मूल दिवसभर पाळणाघरात असेल, तर एवढा बोर्ड घेऊ नका. माझी वहिनी खारघरला राहते, ती फ्रीजच्या दारावर एक कोरा कागद लावते आणि दर रविवारी बदलते. तिचं छान चालतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बोर्ड थंडावला. 'संपलं' चालू राहिलं, 'आज'मध्ये डब्याची भाजी आली, गणपतीत प्रसादाच्या पाळ्या. या आठवड्यात 'संपलं'मध्ये बेसन आणि पिठीसाखर आहे, फराळ सुरू झालाय. 'पुढे'मध्ये २६ ऑक्टोबर, सकाळी ८, नाताळच्या तिकिटासाठी. त्याच्या परतीची तारीख यावेळी मुलाने मोजून लिहिली आहे, ती मी अजून तपासलेली नाही.