स्टार्टरचं बटण: थेट सोलेनॉइडला की रिलेमार्फत?

जुन्या बुलेटला सेल्फ बसवताना बॅटरी ते सोलेनॉइड (मोटरला जड करंट देणारा चुंबकी स्विच) आणि तिथून मोटर ही जाड केबल दोन्ही पद्धतींत सारखीच. फरक बटणाच्या वायरीत.

थेट जोडणीत बटणातला करंट सरळ सोलेनॉइडच्या कॉइलला जातो. सामान कमी, आणि ताम्हिणीत गाडी अडली तर तपासायच्या जागाही कमी. पण ही कॉइल काही अँपिअर ओढते, आणि जुन्या हँडलस्विचचे कॉन्टॅक्ट तेवढ्यासाठी बनलेले नसतात. ते काळे पडले की व्होल्टेज वाटेतच गळतं. सोलेनॉइड नुसतं कट-कट करतं आणि लोक चांगली बॅटरी बदलून बसतात.

रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून जास्त करंट जोडणारा छोटा स्विच, मध्ये लावला की बटणावर अर्ध्या अँपिअरहूनही कमी भार येतो. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूज लावून वायर, 87 वरून सोलेनॉइड, 86 ला बटण. 85 चं अर्थिंग न्यूट्रल स्विचमधून (गाडी न्यूट्रलला असतानाच जो अर्थ जोडतो) घ्या, म्हणजे गिअरमध्ये चुकून बटण दाबलं तरी गाडी पुढे उसळणार नाही. पेठेतल्या खच्चून भरलेल्या पार्किंगमध्ये एवढ्यासाठीच मला रिले हवा. साधा 12 व्होल्टचा रिले नाना पेठेत सहज मिळतो. पुण्याचा पाऊस बघता तो सीटखाली, पिना खाली करून बसवा.

स्विच नवा आणि दणकट असेल तरच थेट जोडणीचा विचार करावा. आणि कस्टम फ्रेमवर पावडर कोटिंग (करंट अडवणारा रंगाचा थर) असेल, तर अर्थच्या बोल्टाखालची जागा घासून धातू उघडा करा. नाहीतर दोन्ही पद्धती सारख्याच फसतात.