अडुळशाचा काढा की खोकल्याची गोळी?

अडुळशाचं पान चुरगळलं की उग्र वास येतो आणि जिभेवर ठेवलं तर कडूजहर लागतं. या पानातलं मुख्य द्रव्य म्हणजे वासिसीन. त्याच्याच रेणूवरून प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं आणि ते 1963 साली औषध म्हणून आलं. पुढचं अ‍ॅम्ब्रोक्सॉल म्हणजे शरीरात ब्रोमहेक्सिनचंच होणारं रूप. म्हणजे काढा आणि गोळी हे एकाच घराण्यातले!

दोन्हींचा उद्देश एकच: छातीत चिकटून बसलेला कफ पातळ करून बाहेर काढणं. फरक आहे तो मात्रेत. ब्रोमहेक्सिनच्या गोळीत नेमकं 8 मिलिग्रॅम औषध असतं. पानांचं तसं नाही. झाड, ऋतू, पान कोवळं की जून, किती उकळलं, यावर काढ्यातलं वासिसीन कमीजास्त होतं. काढ्यात वासिसिनोनसारखी इतर द्रव्यंही उतरतात. वासिसिनोन श्वासनलिका सैल करतं असं प्रयोगांत दिसलंय, त्यामुळे काढ्याला कमी लेखायला मी तयार नाही.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. वासिसीन गर्भाशय आकुंचित करतं. गरोदर बाईने ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणून अडुळसा मुळीच घेऊ नये. गोळीही निर्धोक नाही: क्वचित पुरळ, तीव्र अ‍ॅलर्जी होते. नेमकी मात्रा हवी असेल तर माझं मत गोळीला, तेही डॉक्टरांना विचारून. खोकल्यातून रक्त पडलं किंवा धाप लागली, तर दोन्ही बाजूला ठेवून लगेच तपासून घ्या.